आधी तोल, मग मोटर

(जिल्हा शिबिरात ड्रोन चालवणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा हा मजकूर. टेबलावर करून दाखवलेल्या गोष्टी वाचकांसाठी शब्दांत मांडल्या आहेत.)



शेतकऱ्यांच्या शिबिरात कॅमेऱ्याच्या तोलावर तासभर भाषण कशाला, असा प्रश्न समोर बसलेल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसतो आहे. प्रश्न रास्त आहे. लग्नाच्या वरातीचे चित्रण कसे करावे हे शिकवायला आपण इथे जमलेलो नाही. म्हणून आधी हिशेब मांडतो, मग यंत्राकडे वळतो.

गारपीट झाली, नदी शेतात शिरली, कालवा फुटला, तर पुढे काय होते ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. पंचनामा होतो. पिकाचे ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झाले असेल तर आपत्ती निधीतून मदत मिळते. २०१५ पर्यंत ही अट ५० टक्क्यांची होती. ३३ असो की ५०, अट आकड्याची आहे, आणि आकडा आला की मोजणी आली. आपली आजवरची मोजणी कशी व्हायची? बांधावर उभे राहून. बांधावरून पहिल्या आठदहा ओळी दिसतात. त्यांच्या पलीकडे पीक आडवे आहे की उभे, हे अंदाजाने लिहायचे. अंदाज लिहिणाऱ्याचा, नुकसान शेतकऱ्याचे.

आता गावोगाव कुणाकडे तरी ड्रोन आहे. तीस मीटरवर गेले की पाच एकरांचा तुकडा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दिसतो. कुठे पाणी साचले, कुठे पीक झोपले, कुठे माती वाहून गेली, सगळे एका नजरेत. असे चित्रण म्हणजे पंचनामा नव्हे, त्याची जागा ते घेणारही नाही. पण पंचनाम्याशी ताडून पाहायला आपल्या हातात आपले काही तरी असते.

असते खरे, पण केव्हा? चित्र स्थिर असेल तेव्हा. आपल्याकडे आलेली चित्रणे पाहा. क्षितिज नावेसारखे डुलते आहे, विजेचे खांब सापासारखे वळवळत आहेत, सोयाबीनच्या ओळी एकमेकींत मिसळल्या आहेत. असे चित्रण पाहून साहेब म्हणतात, यातून काही कळत नाही. आणि खरोखरच काही कळत नसते! साहेबाला दोष देऊन उपयोग नाही.

एक साधे गणित करा. ड्रोन तीस मीटर उंचीवर आहे आणि कॅमेरा सरळ खाली पाहतो आहे. कॅमेरा फक्त एक अंश कलला, तर जमिनीवरची नजर सुमारे अर्धा मीटर सरकते. सोयाबीनच्या दोन ओळींतले अंतर ४५ सेंटिमीटर. म्हणजे एका अंशात एक ओळ गेली. एक अंश म्हणजे किती? घड्याळाचा मिनिटकाटा दहा सेकंदांत जेवढा सरकतो तेवढा. इतक्या बारीक गोष्टीवर आपला पुरावा टांगलेला आहे. ज्या झोळीत तो टांगलेला आहे तिचे नाव गिंबल.

गिंबल म्हणजे काय

कल्पना जुनी आहे. जहाज कितीही डुलले तरी होकायंत्र सपाट राहावे म्हणून ते एकात एक बसवलेल्या कड्यांत टांगत. प्रत्येक कडे एका आसावर फिरते. बाहेरचे कडे जहाजाबरोबर हलते, आतले होकायंत्र जागच्या जागी. ड्रोनवर हेच तीन आसांवर केलेले असते. एका आसावर कॅमेरा मान खाली-वर करतो, त्याला पिच म्हणतात. दुसऱ्यावर तो डाव्या-उजव्या कुशीवर कलतो, तो रोल. तिसऱ्यावर तो डावीकडे-उजवीकडे वळून पाहतो, तो यॉ. प्रत्येक आसावर एक छोटी मोटर असते. कॅमेऱ्याच्या तळाशी हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. ड्रोन डावीकडे दोन अंश कलले की सेन्सर सांगतो आणि मोटर कॅमेऱ्याला उजवीकडे दोन अंश फिरवते. हे सेकंदाला शेकडो वेळा चालते.

२०१३ साली डीजेआय कंपनीचा फँटम हा ड्रोन आला, तेव्हा त्याला गिंबल नव्हते. लोक त्याला खाली छोटा कॅमेरा अडकवत आणि थरथरते चित्रण घेऊन परत येत. २०१४ मध्ये त्याच कंपनीने तीन आसांचे गिंबल लावलेला ड्रोन आणला आणि आकाशातून काढलेल्या चित्राची तऱ्हाच बदलली. आज आपल्याकडे दोन प्रकार दिसतात. एक, कारखान्यातून गिंबल जोडून आलेला घडीचा ड्रोन. दुसरा, सुटे भाग आणून पोरांनी स्वतः जोडलेला. ९ फेब्रुवारी २०२२ ला केंद्र सरकारने परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली आणि सुट्या भागांना मोकळीक ठेवली. बंदी बरी की वाईट हा आजचा विषय नाही. एवढेच सांगतो की आहे ते यंत्र नीट राखणे आणि जोडलेले यंत्र नीट लावणे हे आता आपल्यालाच करायचे आहे.

कंदील आणि सायकलचे चाक

सर्वात मोठा गैरसमज असा की मोटर आहे, सेन्सर आहे, संगणक आहे, ते सगळे सांभाळून घेतील. तोल कसाही असला तरी चालेल. हे म्हणजे बैल दांडगे आहेत म्हणून गाडी कशीही भरण्यासारखे आहे. मागे ओझे जास्त झाले की गाडी उलाळ होते, पुढे जास्त झाले की बैलांच्या मानेवर येते. बैल तरीही चालतात. पण त्यांची अर्धी ताकद ओझे सावरण्यात जाते आणि चढ आला की गाडी अडते. गिंबलच्या मोटरचे तसेच आहे. तिचे काम कॅमेऱ्याची हालचाल थोपवण्याचे. वजन उचलून धरण्याचे काम तिच्यावर टाकले की पहिल्या कामाला ताकद उरत नाही.

दुसरा गैरसमज जास्त फसवा आहे, कारण तो शहाणपणासारखा दिसतो. लोक म्हणतात, कॅमेऱ्याचे वजन खाली ठेवा, म्हणजे तो आपोआप सरळ राहील. गाडीखाली टांगलेला कंदील राहतो तसा. भावांनो, कंदील सरळ राहतो तो गाडी उभी असेपर्यंत. गाडीला हिसका बसला की कंदील झोके खायला लागतो. कारण त्याचे वजन आसाच्या खाली आहे. गाडी पुढे गेली, वजन मागे राहिले, झोका सुरू. ड्रोन तर क्षणाक्षणाला वेग घेते आणि सोडते. जहाजावरच्या होकायंत्राला खाली वजन चालते, कारण जहाज सावकाश डुलते. ड्रोनला ते चालत नाही.

मग हवे काय? सायकल स्टँडवर उभी करा आणि पुढचे चाक उचलून हलकेच फिरवा. चाक थांबताना थोडे मागे येते आणि जड बाजू खाली आणून उभे राहते. आता हलक्या बाजूला ताराला थोडी शिशाची पट्टी बांधा. वजन बरोबर झाले की चाक जिथे सोडाल तिथे राहते. कॅमेऱ्याला हा तोल हवा आहे. वजन आसाच्या खाली नको, वर नको, पुढे नको, मागे नको. बरोबर आसात. मग ड्रोनने कितीही हिसके मारले तरी कॅमेऱ्याला फिरवायला हिसक्याच्या हाती काही लागत नाही. मोटरला उरते ते बेअरिंगचे आणि तारांचे थोडेसे घर्षण.

आकडा घालून पाहू. कॅमेरा १२० ग्रॅमचा धरा. त्याचे वजन आसापासून अर्धा सेंटिमीटर बाजूला असेल तर आसावर ६० ग्रॅम-सेंटिमीटरचा पीळ पडतो. आसापासून एक सेंटिमीटरवर ६० ग्रॅमचे वजन लटकवून ठेवल्यासारखा. उड्डाण वीस मिनिटांचे असेल तर वीस मिनिटे छोटीशी मोटर हे वजन उचलून धरते. ती तापते, बॅटरी खाते, आणि वाऱ्याचा झोत आला की हात सोडून देते. चित्रात नेमका त्याच वेळी धक्का दिसतो.

टेबलावर करायचे काम

पहिला नियम सुरक्षेचा. तोल साधताना पंख्याची पाती काढून ठेवा आणि बॅटरी सोडवा. पाती लावलेल्या ड्रोनखाली हात घालून काम करणे म्हणजे चालू मळणीयंत्रात हात घालणे.

दुसरा नियम. कॅमेरा जसा उडणार आहे तसाच तोलायचा. त्याची बॅटरी आत, मेमरी कार्ड आत, भिंगावरचा फिल्टर लावायचा असेल तर लावून, झाकण लावणार नसाल तर काढून. पोते न भरता काट्यावर ठेवून काय उपयोग?

तिसरा नियम क्रमाचा. आतून बाहेर जायचे. आधी पिच, मग रोल, मग यॉ. आतले हलवले की बाहेरचा तोल बदलतो. म्हणून बाहेरून सुरुवात केली तर सगळे काम दोनदा करावे लागते.

आता पिच. ड्रोन दोन विटांवर किंवा डब्यांवर असे ठेवा की गिंबल मोकळे लटकेल. बाकीचे दोन आस बोटांनी धरा आणि कॅमेरा सपाट करून सोडा. नाक खाली गेले तर कॅमेरा मागे सरकवा, नाक वर गेले तर पुढे. स्क्रू थोडा ढिला करून एक-एक मिलिमीटर सरकवायचे. सपाट राहू लागला की काम संपले असे समजू नका. इथेच बरेच जण थांबतात.

आता भिंग सरळ जमिनीकडे करा आणि सोडा. कॅमेरा स्वतःहून वर येऊन पुन्हा सपाट झाला तर वजन आसाच्या खाली आहे. तो कंदील झाला. कॅमेरा थोडा वर घ्यायला हवा. उलट तो तसाच पुढे कोलमडत गेला तर वजन आसाच्या वर आहे. कॅमेरा खाली घ्या. जमिनीकडे, समोर, मधल्या कुठल्याही कोनात सोडाल तिथे थांबला की पिच जमला.

रोलसाठी हीच रीत आडवी करा. कॅमेरा डाव्या कुशीवर झुकतो आहे तर उजवीकडे सरकवा. कावड खांद्यावर घेणारा माणूस जड घागरीकडे खांदा सरकवतो ना, तेच गणित. सपाट जमल्यावर ४५ अंश कलवून सोडून पाहा. परत येत असेल तर खाली वजन आहे.

यॉ मात्र लबाड आहे. ड्रोन सपाट असताना हा आस उभा असतो, त्यामुळे वजन कुठेही असले तरी कॅमेरा हलत नाही आणि आपल्याला वाटते सगळे ठीक आहे. यासाठी अख्खे ड्रोन हाताने वीसतीस अंश तिरपे करा. कॅमेऱ्याचा हात उताराकडे घसरला तर ज्या बाजूला घसरला तिकडे वजन जास्त आहे. हात पुढे-मागे करून ते काढा. झाले की पुन्हा एकदा पिच आणि रोल पाहून घ्या.

सरकवून भागले नाही तर? मग पासंग. तागडीचा पासंग आपल्याला चांगला ठाऊक आहे. आयुष्यभर दुसऱ्याच्या तागडीचा पासंग आपणच भरला! इथे तो आपल्या फायद्यासाठी लावायचा. मघाचा ६० ग्रॅम-सेंटिमीटरचा पीळ घ्या. दुसऱ्या बाजूला आसापासून ३ सेंटिमीटरवर २० ग्रॅमचे वायसर चिकटवले की हिशेब पुरा होतो. ६ सेंटिमीटरवर १० ग्रॅम पुरतात. पण पासंग हा शेवटचा उपाय. प्रत्येक ग्रॅम ड्रोनला उचलावा लागतो आणि तेवढे उड्डाण कमी होते.

वजनाला कायद्याचीही बाजू आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांत वर्ग वजनावर ठरवले आहेत, आणि ते अंगावरच्या सगळ्या सामानासकट. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो. नॅनोला पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रो वर्गात पैसे घेऊन काम करायचे तर ते लागते. २४९ ग्रॅमच्या ड्रोनवर दोन ग्रॅमचा फिल्टर चढवला की वर्ग बदलला, हे ध्यानात ठेवा.

राहिल्या तारा. तोल हुकलेला दिसतो तेव्हा पुष्कळदा गुन्हेगार जाड, ताठ वायर असते. ती स्प्रिंगसारखी कॅमेऱ्याला ओढते. वायर काढून तोल बरोबर येतो आणि लावल्यावर बिघडतो, असे झाले तर कॅमेरा सरकवू नका, वायर बदला. पातळ, मऊ वायर घ्या, तिला मोकळा वळसा ठेवा आणि कॅमेरा सगळीकडे फिरवून ती कुठे अडत नाही ना ते पाहा.

मग वीज जोडा

तोल झाला, आता बॅटरी जोडा. चालू होताना काही सेकंद यंत्राला अजिबात हात लावू नका. त्या वेळात सेन्सर ठरवतो की स्थिर म्हणजे काय. तेव्हाच हलवलेत तर त्याचे सगळे पुढचे हिशेब वाकडे होतात. सेन्सरचे कॅलिब्रेशन करायचे ते सपाट, न हलणाऱ्या जागी. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर नव्हे.

सुटे गिंबल असेल तर मोटरला किती जोर द्यायचा ते संगणकावर ठरवता येते. बोटाने हलके ढकलले तर कॅमेऱ्याने जागा सोडू नये, एवढा जोर पुरे. दहा मिनिटे चालवून मोटरला हात लावा. कोमट असेल तर ठीक. चटका बसत असेल तर एक तर जोर जास्त आहे किंवा तोल हुकला आहे. त्यानंतर पी, आय, डी हे तीन आकडे येतात. पी म्हणजे चूक दिसली की किती जोराने सावरायचे. तो वाढवत न्या. गिंबल गुणगुणायला आणि थरथरायला लागले की मागे या. डी म्हणजे सावरताना लावायचा ब्रेक. आय म्हणजे उरलेली थोडी चूक हळूहळू भरून काढणे. एका वेळी एकच आकडा बदला आणि आधीचा वहीत लिहून ठेवा. तोल नसताना या आकड्यांशी खेळत बसू नका. कुपोषित बैलाला रंगीत झूल घातली म्हणून तो औत ओढणार नाही.

थरथर वेगळी, डोलणे वेगळे

आता ती खांब वळवळण्याची गोष्ट. हा दोष गिंबलचा नाही आणि गिंबल तो काढूही शकत नाही. गिंबल डोलणे थांबवते, थरथर नाही. पाते मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १०० झाले. पात्याची एक बाजू जड असेल तर प्रत्येक फेऱ्याला एक धक्का. सेकंदाला शंभर धक्के. आपल्या कॅमेऱ्यात चित्र एकदम उमटत नाही. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत एकेक ओळ टिपली जाते. वरची ओळ टिपताना कॅमेरा इकडे, खालची टिपताना तिकडे. म्हणून सरळ खांब नागमोडी दिसतो.

उपाय मुळाशी करायचा. पाते काढून त्याच्या मधल्या भोकातून गुळगुळीत बारीक सळई घाला आणि आडवे धरा. जी बाजू खाली जाते ती जड. हलक्या बाजूला पारदर्शक चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावत जा, आडवे राहीपर्यंत. टवका उडालेले पाते तोलत बसू नका, फेकून द्या. पात्याच्या किमतीत पुरावा गमावणे परवडत नाही.

मग रबर. गिंबल ड्रोनला चार रबरी गोळ्यांवर टांगलेले असते. ते रबर वजनाच्या मानाने हवे. फार कडक असेल तर थरथर जशीच्या तशी खाली पोचते. फार मऊ असेल तर गिंबल लोंबकळते आणि उसळ्या मारते. उन्हाने रबर कडक होते, तडकते; दर हंगामाला बोटाने दाबून पाहा. गिंबलचे वजन चारही गोळ्यांवर सारखे यावे. आणि गोळी निसटली तर कॅमेरा पडू नये म्हणून दोन कोपऱ्यांना नायलॉनचा दोरा बांधून ठेवा.

तयार ड्रोनवाल्यांसाठी

घडीचा तयार ड्रोन असेल तर त्याचा तोल कारखान्यात झालेला आहे. तिथे सरकवायला स्क्रू नाहीत, आणि उघडून शोधायलाही जाऊ नका. तुमच्या हातात आहे तो तोल न बिघडवणे. चालू करण्याआधी कॅमेऱ्याचे प्लॅस्टिकचे कवच काढा. ते तसेच ठेवून चालू केले की मोटर त्याच्याशी झगडत बसते. भिंगावर त्याच मॉडेलसाठी बनवलेला हलका फिल्टर सोडून काही लावू नका. स्टिकर नको, ताईत तर मुळीच नको. कॅमेरा जमिनीपासून चार बोटांवर असतो. गवतात किंवा पऱ्हाट्यांत ड्रोन ठेवले की काडी अडकते आणि मोटरवर ताण आल्याचा इशारा पडद्यावर येतो. म्हणून फळी घेऊन जा आणि तिच्यावरून उडवा. गोणपाट अंथरले तर चारही कोपऱ्यांवर दगड ठेवा, नाही तर पंख्याच्या वाऱ्याने तेच उडून पात्यात जाईल.

कापसाचे तंतू आणि धूळ मऊ ब्रशने काढा. बेअरिंगला तेल सोडू नका. तेलावर धूळ बसते आणि तिचा चिखल होतो. क्षितिज सतत एका बाजूला कललेले दिसत असेल तर सपाट टेबलावर ठेवून ॲपमधले गिंबलचे कॅलिब्रेशन चालवा. त्यानेही भागले नाही तर आस वाकला असण्याची शक्यता आहे. ते काम कारागिराचे.

शेतावर गेल्यावर

तोल जमला तरी उडवणाऱ्याने घाई केली की सगळे वाया. गवंड्याचा ओळंबा एसटीत टांगा आणि घाटात बसा. वळणावर ओळंबा बाहेर झुकतो, त्याला खाली कुठे हेच कळेनासे होते. गिंबलच्या सेन्सरचेही लांब वळणावर असेच होते आणि क्षितिज हळूहळू तिरके होते. म्हणून शेताभोवती गरगर फिरवू नका. एका बांधापासून समोरच्या बांधापर्यंत सरळ रेषेत जा, थांबा, दहा सेकंद स्थिर राहा, मग पुढची रेषा धरा. नांगरटीत तास धरतो तसे. उंची एकच ठेवा.

शटरचा वेग ठरवताना हेतू पाहा. सिनेमासारखे गुळगुळीत चित्र हवे असेल तर लोक गडद फिल्टर लावून सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचे शटर ठेवतात. आपल्याला ते नको. ड्रोन सेकंदाला ५ मीटर जात असेल तर तेवढ्या वेळात ते १० सेंटिमीटर पुढे जाते आणि प्रत्येक झाड १० सेंटिमीटर पुसट होते. सेकंदाच्या हजाराव्या भागाचे शटर ठेवले तर फक्त ५ मिलिमीटर. डोळ्याला सुखावणारे चित्र आणि मोजता येणारे चित्र यांत आपण मोजता येणारे निवडायचे.

चित्रणाची सुरुवात ओळखीच्या खुणेपासून करा. विहीर, बांधावरचे झाड, रस्ता, शेजाऱ्याचे शेत. म्हणजे हे शेत कोणते यावर वाद नको. जमिनीवर उतरून त्याच वेळी जवळचे फोटोही काढा. मूळ फाइल तशीच ठेवा; तिच्यावर गाणे चढवू नका, कापाकापी करू नका. द्यायची ती नक्कल द्या. उडवण्याआधी त्या जागी उडवायला मनाई नाही ना ते तपासा. २०२१ च्या नियमांप्रमाणे हिरव्या पट्ट्यात कमाल उंची ४०० फूट आहे आणि ड्रोनची नोंदणी झालेली हवी. शेजारच्या शेतमालकाला सांगूनच त्याच्या शेतावरून जा. बेकायदा उडवून काढलेला पुरावा दाखवायला गेलात तर आधी तुमचाच पंचनामा होईल.

भावांनो, हा सगळा खटाटोप स्वस्त आहे. स्क्रूड्रायव्हर, चार वायसर, चिकटपट्टी, मऊ ब्रश, एक फळी आणि अर्धा तास. महागडे ड्रोन घेऊनही ज्याने हा अर्धा तास दिला नाही त्याचे चित्र डुलणार आहे, आणि जुने, दुरुस्त केलेले ड्रोन घेऊन ज्याने तो दिला त्याच्या चित्रात सोयाबीनच्या ओळी मोजता येणार आहेत. दुसऱ्याच्या काट्यावर माल घालून आपण फार वर्षे काढली. नुकसान मोजायचा हा एक काटा तरी आपला असू द्या, आणि आपला आहे म्हणून तो खोटा असू देऊ नका. उभे पीक उभे दिसावे, आडवे आडवे दिसावे. कुणीही समोर बसून ताडून पाहावे, असे चित्र हवे.

संकट सांगून येत नाही. गारा पडल्यावर ड्रोनची पेटी उघडून तोल साधायला बसायला वेळ नसतो. म्हणून प्रत्येक तालुक्याने दोघांची नावे आज दुपारी नोंदवायची आहेत. त्यांनी पावसाळ्याआधी एकदा आणि रब्बी उभी असताना एकदा आपल्या तालुक्यातले सगळे ड्रोन एका टेबलावर आणून तोल, पाती, रबर आणि वायर तपासायची. प्रत्येक ड्रोनमागे एक चाचणी-चित्रण करायचे: तीस मीटर उंची, कॅमेरा सरळ खाली, शंभर मीटर सरळ रेषा. त्यात पिकाच्या ओळी मोजता आल्या तर ड्रोन पास. नाही आल्या तर पुन्हा टेबलावर. जेवणानंतर मागच्या खोलीत सहा ड्रोन ठेवलेले आहेत, पाती काढूनच ठेवले आहेत. या, आणि आपापल्या हाताने तोलून पाहा.